लग्न लागलं, आता पुढे?

२०१०च्या जूनमध्ये आलेल्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त नायक-नायिकेला नावंच नव्हती. ती मुंबईची, तो पुण्याचा, एवढी ओळख पुरेशी होती. घरच्यांच्या आग्रहाखातर ती मुलगा बघायला पुण्यात येते, तीही नकार मनाशी पक्का करून. पत्ता विचारायला म्हणून एका अनोळखी तरुणाशी बोलते आणि बघता बघता अख्खा दिवस त्याच्यासोबत गावभर हिंडते. भांडण कशावरून, तर तुमची मुंबई भारी की आमचं पुणं. ज्याला नकार द्यायला आपण आलो तोच हा, हे तिला शेवटी कळतं. दिग्दर्शक सतीश राजवाडे यांनी स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे या दोघांच्या बोलण्यावर जवळजवळ सगळा चित्रपट पेलून दाखवला. ना खलनायक, ना मारामारी, ना आजार.

तो चित्रपट तिथेच संपला असता तरी कुणाची तक्रार नव्हती. पण १२ नोव्हेंबर २०१५ला, दिवाळीत, दुसरा भाग आला. दोघांना नावं मिळाली, गौरी देशपांडे आणि गौतम प्रधान. दोन्हीकडचे आईवडील, आजी, मावश्या आल्या, लग्नाची तयारी आली आणि बोहल्यावर चढण्याआधी गौरीच्या मनात शंकाही आली. ७ डिसेंबर २०१८ला तिसरा भाग आला, तेव्हा लग्न होऊन काही वर्षं लोटली होती आणि घरात बाळाची चाहूल लागली होती. एकाच जोडीला, त्याच दोन नटांना घेऊन, साडेआठ वर्षं चाललेली प्रेमकथा मराठी पडद्यावर क्वचितच झाली असेल.

अशी गोष्ट संपवायची कशी, हा लेखकापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न असतो. हसऱ्या प्रेमकथेचा जीव लांबण्यात असतो. दोघांना एकमेकांविषयी काय वाटतं ते प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात कळलेलं असतं, ते त्या दोघांना मात्र कळायचं असतं. हे ताटकळणं काय असतं, ते नागपुरातल्या मनीषनगरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. वर्धा रोड आणि मनीषनगर यांच्यामध्ये रेल्वेमार्ग आहे आणि मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या याच मार्गाने जातात. नोव्हेंबर २०२०मध्ये उड्डाणपूल सुरू होईपर्यंत इथलं फाटक म्हणजे रोजची परीक्षा होती. फाटक बंद असलं की दोन्ही बाजूंना माणसं थांबायची, एकमेकांकडे बघायची, ओळखीचे हात हलवायचे. फाटक उघडलं की सगळे आपापल्या वाटेने पांगायचे. प्रेमकथेचंही तसंच आहे. फाटक बंद आहे तोवर गोष्ट आहे. उघडलं की लेखकाच्या हाती फार काही उरत नाही.

या वस्तीत ही चर्चा करायला आणखी एक कारण आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कंपन्यांत काम करणारी तरुण कुटुंबं वर्धा रोड, मनीषनगर, बेसा या पट्ट्यात मोठ्या संख्येने राहतात आणि इथली कितीतरी मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत असतात. मुंबई भारी की पुणं, हे भांडण नागपूरकर बाहेरून बघतो. त्याला दोन्ही गावं सारखीच लांब. जून २०२५मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग धरला तरी मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर होतात. त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला या चित्रपटातला शहराभिमान गंमत म्हणून आवडतो आणि दोन माणसांमधलं अंतर मात्र आपलं वाटतं. याच घरांतली पुढची पिढी हिंदीत बोलणारे शिनचॅन आणि डोरेमॉन बघत मोठी झाली आणि आता मोबाइलवर जपानी ॲनिमे बघते. आईवडिलांचे गौरी-गौतम आणि मुलांची जपानी जोडपी एकाच घरात, गोष्ट संपवायची कशी या एकाच प्रश्नाभोवती फिरत असतात.

त्या प्रश्नावर जपानने जितका विचार केला तितका क्वचितच कुणी केला असेल. त्याचं मोठं श्रेय रुमिको ताकाहाशी या बाईंना जातं. १९५७ साली निइगाता इथे जन्मलेल्या ताकाहाशींनी १९७८मध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात ‘उरुसेई यात्सुरा’ ही चित्रमालिका सुरू केली, तेव्हा त्या अजून वीस-एकवीस वर्षांच्या होत्या. मालिका १९८७पर्यंत चालली आणि तिचे ३४ खंड झाले. २०१९मध्ये फ्रान्समधल्या आँगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. लांबलेल्या प्रेमकथेची आजची जी घडण आहे, तिचा पाया त्यांच्या कामात सापडतो.

‘उरुसेई यात्सुरा’ची सुरुवात अशी: परग्रहावरचे शिंगवाले राक्षस पृथ्वी जिंकायला येतात आणि एक संधी देतात. त्यांच्या राजकन्येशी, म्हणजे लमशी, एका माणसाने पकडापकडी खेळायची. दहा दिवसांत तिची शिंगं धरता आली तर पृथ्वी सुटली. निवड होते ती अतारू मोरोबोशी या शाळकरी पोराची. अतारू कमनशिबी आणि बाईवेडा. जपानी मुलांच्या पकडापकडीत ज्याच्यावर राज्य असतं त्याला राक्षस म्हणतात. इथे राक्षसीण पळते आणि माणूस मागे धावतो. जिंकलास तर तुझ्याशी लग्न करीन, असं वचन अतारूला त्याच्या मैत्रिणीने, शिनोबूने, दिलेलं असतं. शेवटच्या दिवशी शिंगं हाती येताच तो आनंदाने ओरडतो की आता लग्न होणार. लमला वाटतं, हा आपल्यालाच मागणी घालतोय. ती हो म्हणते आणि त्याच्या घरी राहायला येते. पुढची नऊ वर्षं ती त्याच्यावर मनापासून प्रेम करते, तो इतर मुलींमागे धावतो, ती त्याला विजेचे झटके देते आणि तो एकदाही तिला आपल्या मनातलं सांगत नाही.

१४ ऑक्टोबर १९८१ला तिची टीव्ही मालिका सुरू झाली आणि मार्च १९८६पर्यंत तिचे १९५ भाग झाले. इथे एक अडचण होती. टीव्हीवरची मालिका आधी बंद झाली, कागदावरची गोष्ट त्यानंतर जवळजवळ वर्षभराने संपली. म्हणजे इतके भाग दाखवूनही प्रेक्षकांना शेवट मिळालाच नव्हता. तो देण्यासाठी चित्रपट काढावा लागला. ॲनिमेमध्ये मोठ्या मालिकेचा समारोप चित्रपटाने करण्याची जी पद्धत दिसते, तिच्यामागे पुष्कळदा असं साधं व्यावहारिक कारण असतं. चित्रकथा पुढे असते, मालिकेचा हंगाम संपलेला असतो, उरलेलं कथानक नव्या हंगामाला पुरत नाही आणि सोडवतही नाही.

त्याआधी या मालिकेचे चार चित्रपट येऊन गेले होते. त्यातला दुसरा, फेब्रुवारी १९८४चा ‘ब्यूटिफुल ड्रीमर’, थांबून बघण्यासारखा आहे. दिग्दर्शक मामोरू ओशी यांनी तो काढला. हेच ओशी पुढे ‘घोस्ट इन द शेल’मुळे जगभर पोचले. शाळेच्या संमेलनाचा आदला दिवस. मुलं रात्रभर जागून तयारी करतायत. दुसऱ्या दिवशी उठतात तर पुन्हा आदलाच दिवस. संमेलन उजाडतच नाही. हळूहळू कळतं की आपण कुणाच्यातरी स्वप्नात अडकलोय आणि त्या स्वप्नाच्या मुळाशी लमची इच्छा आहे: लाडका अतारू, मित्रमंडळी, हसणं-खिदळणं, सगळं कायम असंच राहावं. लांबलेल्या प्रेमकथेची मेख ओशींनी कथेच्या आत आणून ठेवली. न संपणाऱ्या मालिकेत पात्रांचं वय वाढत नाही, वर्ग बदलत नाही, उद्या येत नाही. हा चित्रपट ताकाहाशींच्या हलक्याफुलक्या गोष्टीपासून फार दूर गेला हे खरं, पण गोष्ट संपवणं का गरजेचं असतं, हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

खरा शेवट ६ फेब्रुवारी १९८८ला आला. दिग्दर्शक सातोशी देझाकी. कथानक मूळ चित्रकथेच्या अखेरच्या प्रकरणाचं. लमच्या पूर्वजाने कधीकाळी दिलेल्या शब्दाचा आधार घेऊन रूपा नावाचा तरुण तिच्याशी लग्न करायला येतो. गैरसमजातून गैरसमज वाढतात, गावात घराएवढी भूछत्रं उगवतात आणि गोष्ट पुन्हा पहिल्या खेळावर येते. पुन्हा दहा दिवस, पुन्हा शिंगं. या वेळी लम उडून दूर जाऊ शकते, पण अट तिचीच आहे: अतारूने एकदा प्रेमाची कबुली द्यावी, खेळ तिथेच थांबेल. नाही दिली आणि तो हरला तर गावातल्या सगळ्यांच्या मनातून लमची आठवण पुसली जाईल.

अतारू कबुली देत नाही. सगळा गाव विनवतो, मित्र चिडतात, दिवस संपत जातात, तरी तो बोलत नाही. वरवर बघता हा हेकटपणा वाटतो. पण त्याचं म्हणणं नीट ऐकलं तर ते पटतं: धमकी देऊन वदवून घेतलेल्या शब्दाला किंमत काय? मी बोललो तर ते प्रेमापोटी की भीतीपोटी, हे तिला कसं कळणार? दहाव्या दिवशी, वेळ सरत आलेली असताना, पळता पळता तो धडपडतो आणि हातात घट्ट धरून ठेवलेली लमची जुनी शिंगं जमिनीवर पडतात. लमला ती दिसतात. तिला हवं होतं ते उत्तर तिला तोंडाने नाही, पण त्या मुठीतून मिळालेलं असतं. ती स्वतःच त्याच्याकडे झेपावते. त्यानंतर दोघांचं भांडण पुन्हा सुरू होतं. आयुष्य गेलं तरी चालेल, पण तुझ्याकडून वदवून घेईनच, असं ती बजावते. तो ते मरणाच्या दारापर्यंत लांबवतो. नऊ वर्षं ज्या एका वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलंच नाही, आणि तरी कुणालाही फसवल्यासारखं वाटत नाही. प्रेमकथेच्या शेवटांमध्ये हा शेवट फार वरच्या जागेवर ठेवावा लागेल.

६ फेब्रुवारी १९८८लाच, चित्रपटगृहातल्या त्याच खेळाला, प्रेक्षकांना ताकाहाशींचाच आणखी एक शेवट बघायला मिळाला. ‘मेझोन इक्कोकु’ ही त्यांची दुसरी मालिका १९८० ते १९८७ या काळात चालली होती. तिचा समारोपाचा चित्रपट तोमोमी मोचिझुकी यांनी केला आणि तो ‘उरुसेई यात्सुरा’च्या जोडीने एकाच वेळी लागला. तोही टीव्हीवरच्या मालिकेचा शेवटचा, ९६वा भाग प्रसारित व्हायला जवळजवळ महिना बाकी असताना.

ही गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. एका मोडकळीला आलेल्या भाड्याच्या वाड्याची व्यवस्था बघायला क्योको ही तरुण विधवा येते. तिथला भाडेकरू गोदाई हा प्रवेशपरीक्षेत नापास झालेला, पैशाने आणि आत्मविश्वासाने कंगाल मुलगा. बाकीचे बिऱ्हाडकरू रोज संध्याकाळी त्याच्याच खोलीत दारू पीत गोंधळ घालतात. तो तिच्या प्रेमात पडतो. तिचं मन मात्र गेलेल्या नवऱ्यात, सोइचिरोमध्ये, अडकलेलं आहे. वाड्यातल्या कुत्र्यालाही तिने तेच नाव दिलंय. इथे अडसर गैरसमजाचा नाही, निष्ठेचा आहे. क्योकोला भीती वाटते ती विसरण्याची. दुसऱ्यावर प्रेम केलं तर पहिलं खोटं ठरेल का? ज्या महाराष्ट्रात धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं तर मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला, तिथे हा प्रश्न परका नाही. गोदाई शेवटी सोइचिरोच्या थडग्यापुढे उभा राहतो आणि त्याला उद्देशून म्हणतो की तुमच्यासकट मी यांना स्वीकारतो. मेलेल्या माणसाला हुसकावून न लावता त्याच्या शेजारी जागा मागणारा हा नायक फार मोठ्या मनाचा आहे. त्या दोघांचं लग्न होतं, होणंच योग्य होतं, आणि चित्रपट घडतो तो लग्नाच्या आदल्या दिवशी, त्याच वाड्यात, त्याच बिऱ्हाडकरूंच्या गोंधळात.

एकाच लेखिकेचे दोन शेवट असे शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. एका जोडीला कबुली नाकारली, दुसरीला लग्न दिलं आणि दोन्ही बरोबर ठरले. कारण शेवट माणसांच्या स्वभावातून आला, प्रथेतून नाही. अतारूने बोहल्यावर चढून गोड बोलणं जितकं खोटं वाटलं असतं, तितकंच गोदाईने आयुष्यभर ताटकळणं क्रूर वाटलं असतं. ताकाहाशींच्याच ‘रान्मा १/२’मध्ये, १९९६ साली, लग्नाचा बेत उधळला जातो आणि दोघं वाङ्‌निश्चय झालेलेच राहतात. तिथे लेखिकेचा हात थोडा आखडल्यासारखा वाटतो, कारण ३८ खंडांनंतर पात्रं आहेत तिथेच राहतात.

अलीकडच्या काळात याच्या अगदी उलट दिशेने एक प्रयोग झाला. नेगी हारुबा यांच्या ‘द क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स’मध्ये पाच जुळ्या बहिणी आहेत आणि त्यांना शिकवणारा एक गरीब हुशार मुलगा. गोष्ट सुरूच होते भविष्यातल्या लग्नापासून. नवरदेव दिसतो, वधूही दिसते, पण पाचही बहिणींचा चेहरा एकच, मग ही कोणती? लग्न होणार का, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला निकालात निघाला आणि कुणाशी, एवढाच उरला. २०१९ आणि २०२१मध्ये दोन हंगाम झाले, उत्तर मात्र २० मे २०२२च्या चित्रपटात मिळालं. मासातो जिम्बो यांचा हा चित्रपट सव्वादोन तासांहून मोठा आहे. शाळेचा तोच महोत्सव पाच बहिणींच्या नजरेतून पुन्हा पुन्हा दाखवलाय, म्हणजे जी निवडली गेली नाही तिचीही बाजू पुरती ऐकली जाते. वधू कोण, ते इथे सांगणं बघणाऱ्यावर अन्याय होईल.

आपल्याकडच्या घरांत सगळ्यांना माहीत असलेल्या डोरेमॉनची गत तर आणखी वेगळी. त्याचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ १९९६ साली गेले आणि मूळ मालिकेला ठरलेला शेवट राहिलाच नाही. नोबिता आणि शिझुकाच्या लग्नाचा दिवस तेवढा ‘स्टँड बाय मी डोरेमॉन २’ या २०२०च्या चित्रपटात आहे, आणि त्यात नवरदेव ऐन वेळी पळ काढतो.

आता परत मराठीकडे. आपल्याकडेही तीन भागांत गोष्ट सांगण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’चा पहिला भाग जानेवारी २०१४चा. दगडू आणि प्राजक्ता यांची शाळकरी प्रेमकथा ताटातुटीवर थांबली आणि प्रेक्षक हळहळले. मे २०१५मधल्या दुसऱ्या भागात दोघं मोठे झाले, नटही बदलले, प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांच्या जागी प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले, आणि गोष्ट पूर्ण झाली. मग २०२२च्या तिसऱ्या भागाने काय करायचं? तो मागे गेला, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात. दगडूच्या आयुष्यात पालवी आली, हृता दुर्गुळेने ती झोकात साकारली. पण पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला पालवीची काळजी वाटत राहते, दगडूची नाही. शेवट आधी लावून मग मधलं सांगितलं की असं होतं.

रंगभूमीने हा प्रश्न अधिक धीराने हाताळला. प्रशांत दामले आणि कविता लाड यांचं ‘एका लग्नाची गोष्ट’ १९९८मध्ये आलं, आणि त्याच जोडीचं ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ २०१८मध्ये. मधली वीस वर्षं नटांच्याही चेहऱ्यावर होती आणि प्रेक्षकांच्याही. रंगभूमीवर ती लपवता येत नाहीत, आणि लपवायची गरजही नव्हती.

‘मुंबई-पुणे-मुंबई’चा तिसरा भाग याच वाटेने गेला, म्हणून त्याचं मोल आहे. जपानी समारोपांचे बहुतेक चित्रपट कबुली किंवा लग्न यांपाशी थांबतात. राजवाडे यांनी त्याच्या पलीकडचा प्रश्न घेतला: बाळ येणार आहे आणि आपण दोघंही तयार नाही, तर? गौरीला आपल्या कामाचं, मोकळेपणाचं काय होणार याची धास्ती आहे, गौतमला आपण बाप म्हणून पुरे पडू का याची. नवीन संसारातल्या माणसांनी हे घरात दबक्या आवाजात बोललेलं असतं, मराठी चित्रपटात ते इतकं उघड क्वचितच बोललं गेलं. त्रुटीही तिथेच आहे. दुसऱ्या भागापासून नातेवाईकांची जी गर्दी आली, ती सगळी गुणी मंडळी असली तरी दोघांच्या बोलण्यावर चढते. पहिल्या चित्रपटाची ताकद त्या एका दिवसाच्या गप्पांत होती. तिसऱ्यात गौरी-गौतम एकटे सापडतात तेव्हा चित्रपट पुन्हा जिवंत होतो, आणि दर वेळी कुणीतरी दार वाजवतं.

२०२५मध्ये, पहिल्या चित्रपटाला १५ वर्षं झाली तेव्हा, चौथ्या भागाची घोषणा झाली. म्हणजे २०१८चा शेवट हा शेवट नव्हताच. चौथा भाग लिहिणाऱ्यांकडे एकच मागणं आहे: गौरी आणि गौतमला पुन्हा एक अख्खा दिवस द्या, मध्ये कुणी नको. चाळिशीकडे झुकलेल्या त्या दोघांना एकमेकांना सांगायचं बरंच काही साठलेलं असेल.

ज्यांना जपानी बाजू बघायची आहे त्यांनी १९५ भागांना घाबरू नये. ‘उरुसेई यात्सुरा’ची नवी मालिका ऑक्टोबर २०२२ ते जून २०२४ या काळात ४६ भागांत झाली आणि तिचा समारोप त्याच दहा दिवसांच्या पकडापकडीने होतो. ती आधी बघावी, मग १९८८चा चित्रपट. ‘मेझोन इक्कोकु’ मात्र पहिल्या भागापासून, सावकाश बघावी.